वक्री मंगळ आणि मोठी काकू

माझी मोठी काकू दोन गोष्टी शिकवायची, गाडी आणि ग्रह. गाडी शिकवणं हा तिचा धंदा होता आणि ग्रहांचं ज्ञान वडिलांकडून आलेलं. शाळेत भूगोल शिकवणारे तिचे वडील फावल्या वेळात पत्रिका मांडायचे. पत्रिकेचे ती कुणाकडून काही घेत नसे, आणि गाडी मात्र कुणाला फुकट शिकवत नसे, अगदी घरच्यांनाही नाही.

ड्रायव्हिंग स्कूलची तिची गाडी पांढरी होती. दोन्ही दारांवर खरवडल्याचे इतके ओरखडे होते की मोठे काका म्हणायचे, ही गाडी नव्हे, पाटी आहे, सगळ्यांनी मुळाक्षरं गिरवलीत. काकांचं गॅरेज होतं. ज्योतिषावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कुणी काकूला पत्रिका दाखवायला आलं की ते हात पुसत बाहेर येत आणि माझा मंगळ क्लचप्लेटमध्ये आहे, तेवढा बघून घे, असं सांगून परत गाडीखाली शिरत. काकू हसायची. त्या दोघांचं या बाबतीत कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

लोक तिच्याकडे यायचे ते बहुतेक वक्री ग्रहांच्या भीतीने. बुध वक्री आहे म्हणून मुलाखतीला जाऊ का नको, शुक्र वक्री आहे तर साखरपुडा पुढे ढकलू का, शनी वक्री झाला, आता आमचं काय होणार. काकू आधी पाणी द्यायची, मग सगळं ऐकून घ्यायची. तिचं म्हणणं साधं असे. वक्री म्हणजे ग्रह उलटा फिरला असं नाही, पृथ्वीवरून आपल्याला तो तसा दिसतो. बुध वर्षातून साधारण तीनदा वक्री होतो, मग काय दर वेळी तीन-तीन आठवडे हातावर हात ठेवून बसायचं? राहू-केतू तर कायमचे वक्री, त्यांचं कुणी काय वाकडं केलं?

पण ती नुसती थट्टेवारी न्यायची नाही. जुन्या शास्त्रात वक्री ग्रहाला दुबळं नाही, बळकट मानलंय, हे ती आवर्जून सांगे. त्या काळात नवं काम काढण्यापेक्षा अर्धवट राहिलेलं पुरं करावं, सही करण्याआधी कागद दुसऱ्यांदा वाचावा, रागाच्या भरात पाठवलेला निरोप परत घेता येतो का ते बघावं, दुरावलेल्या माणसाला फोन करावा. एकदा एक शिकाऊ बाई तिसऱ्यांदा परीक्षेत नापास झाल्या आणि बुधाला बोल लावू लागल्या. काकूने त्यांना शांतपणे विचारलं, की वळताना हात दाखवायचा राहिला तो बुधाचा का तुमचा? नाचता येईना अंगण वाकडं. त्या बाई रुसल्या, पण चौथ्यांदा पास झाल्या.

काकूच्या या सगळ्या शहाणपणाचा खरा कस लागला तो माझ्या बाबांच्या आजारपणात.

बाबा बसस्थानकावर घोषणा करायचे. काचेच्या छोट्या खोलीत मायक्रोफोनसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं, हे त्यांचं काम. आवाज भरदार आणि गोड. बाबांना भेटायच्या आधी आईने तो आवाजच ऐकला होता, असं ती सांगते. बाबांचा काकूवर भारी विश्वास. तिने एकदा बुध वक्री आहे, तिकिटाची तारीख तपासून घ्या, असं सांगितलं होतं. बाबांनी तपासली नाही आणि सामानसुमान घेऊन आम्ही एक दिवस उशिरा स्थानकावर पोचलो. तेव्हापासून बाबा ताकही फुंकून पिऊ लागले. कुठला ग्रह कधी वक्री, कधी मार्गी, याचा तक्ता त्यांनी स्वयंपाकघरात लावला. वक्री काळात ते चप्पलसुद्धा नवी घेत नसत. काकू म्हणायची, भाऊजी, मी जपून चाला म्हटलं, बसून राहा नाही म्हटलं. बाबा मान डोलवायचे आणि तक्त्याकडे बघायचे.

मग त्यांच्या गळ्यात गाठ आली. थायरॉइडची. आधी दाढी करताना हाताला लागली, नंतर बघता बघता शर्टाचं वरचं बटण लागेनासं झालं. तपासण्या झाल्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गाठ चांगली नाही आणि वेगाने वाढते आहे. श्वासनलिकेवर दाब यायला लागलाय, या पंधरवड्यात काढून टाकू. आवाजाच्या नसा तिथूनच जातात, त्यामुळे आवाजाला धोका आहे, हेही त्यांनी लपवलं नाही.

बाबा घरी आले, तक्त्यापुढे उभे राहिले. मंगळ वक्री होता. मार्गी व्हायला अजून दीड महिना होता. वक्री मंगळात अंगाला शस्त्र लावू नये, हे त्यांना पाठ होतं, कारण त्यांच्या समोरच काकूने एका ओळखीच्या गृहस्थांना खांद्यावरचा मस दोन महिन्यांनी काढा असं सांगितलं होतं. बाबा म्हणाले, मंगळ मार्गी झाला की बघू. आईने रडून पाहिलं, मी वाद घालून पाहिला. बाबांचा हेका एकच. आणि खरं सांगायचं तर आईच्याही मनात पाल चुकचुकत होतीच. ती रडता रडता मध्येच विचारायची, खरंच काही झालं तर?

शेवटी मी काकूला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन शिकाऊ रद्द करून आली आणि बाबांना म्हणाली, चला, चक्कर मारून येऊ. मी मागच्या सीटवर बसले. तिने गाडी शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याला घेतली. शेजारच्या लेनमध्ये एक लादलेला ट्रक रखडत चालला होता आणि त्याच्या पलीकडे लांबवर टेकड्या होत्या. काकू वेग न वाढवता त्याच्या बरोबरीने आली आणि त्याला मागे टाकू लागली.

"भाऊजी, ट्रक कुठल्या दिशेला चाललाय?"

"आपल्याच दिशेला. पुढे."

"आता त्याच्यामागच्या टेकड्यांवर नजर ठेवा. टेकडीच्या मानाने कुठे चाललाय?"

बाबांनी थोडा वेळ बघितलं. "मागे सरकल्यासारखा दिसतोय."

"त्याने रिव्हर्स टाकलाय का?"

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, हे मला कळतं वहिनी, पृथ्वी मंगळाला ओलांडून पुढे जाते, म्हणून तो मागे गेल्यासारखा दिसतो, तुम्ही मागेही सांगितलंय. पण मग त्या गृहस्थांना तुम्ही थांबायला सांगितलंत, ते खोटं होतं का?

काकूने इंडिकेटर दिला. पुढे एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या आवारात तिने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. संध्याकाळ उतरत होती. नेहमी चारचौघांत ठासून बोलणारी काकू त्या दिवशी शब्द शोधत होती, हे मला मागून दिसत होतं.

"खोटं नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी मला जे शिकवलं ते मी मानते. पण मस दोन महिने थांबू शकत होता, तुमची गाठ थांबणार नाही. टाळता येत असेल तर टाळा, एवढंच शास्त्र आहे. ज्याला टाळणं म्हणजे मरण, त्याला ते लागू नाही. हे मी तेव्हाच फोडून सांगायला हवं होतं."

"आणि काही वाईट झालं तर?"

"तर मला बोल लावा. मी सगळं ऐकून घेईन. पण ऐकवायला तुम्ही असायला हवं."

बाहेर अंधार पडला होता. पूर्वेला मंगळ वर आला होता, तांबडा आणि नेहमीपेक्षा ठळक. काकूने तो दाखवला. म्हणाली, वक्री असतो तेव्हाच तो आपल्या इतका जवळ असतो. बाबांनी त्याच्याकडे बघून घेतलं आणि विचारलं, डॉक्टरीणबाई उद्या भेटतील का?

बाबांना तयार करून काकू गप्प बसली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती. पण तिने मंगळ धुडकावला नाही, त्याचं जे काय देणं लागतं ते मेहनतीने दिलं. वक्री काळात सगळं दोनदा तपासायचं, हा तिचाच नियम. तिने गाठीचा तपास दुसऱ्या डॉक्टरांकडून करून घेतला, त्यांनीही घाई करा असंच सांगितलं. रक्तगट पुन्हा तपासायला लावला. बाबांना कुठलं औषध सोसत नाही ते दवाखान्याच्या कागदावर आहे ना, ते स्वतः वाचलं. आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, ऑपरेशननंतर बिघडलं तर काय बिघडेल आणि ते आम्हाला कसं कळेल? बाई म्हणाल्या, क्वचित आतून रक्तस्राव होतो, गळा सुजतो, श्वास घुसमटतो. तसं काही दिसलं तर क्षणभरही थांबू नका.

ऑपरेशन सकाळी झालं. छान झालं, असं सांगितलं गेलं. दुपारी बाबांना खोलीत आणलं. आई आणि मी सकाळपासून उपाशी होतो म्हणून काकूने आम्हाला खाली चहाला पिटाळलं.

आम्ही वर आलो तेव्हा खोलीचं दार उघडं होतं आणि बाबांची खाट चाकांवरून धावत परत ऑपरेशनच्या दाराकडे चालली होती. बाबांचा चेहरा निळसर पडला होता. काकू भिंतीला टेकून उभी होती. गळ्यात रक्त साठलंय, टाके उघडावे लागतील, असं नर्सने जाता जाता सांगितलं.

आईने सगळा राग काकूवर काढला. तुमच्या शब्दाखातर तयार झाले ते, थांबत होते, तुम्ही थांबू दिलं नाहीत. येणारे जाणारे बघत होते. आई कधी कुणाला वर मान करून न बोलणारी बाई, त्या दिवशी तिच्या तोंडून काय काय निघालं. काकूने सगळं ऐकून घेतलं. आईचं बोलून झालं तेव्हा तिने खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाली, बस, पाणी आणते तुला.

बाबा वाचले. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, रक्तवाहिनी बांधली, आता काळजी नाही. गाठ श्वासनलिकेला चिकटू लागली होती, दीड महिना थांबला असतात तर मला ती पूर्ण काढता आली नसती. काकूने त्यांचे आभार मानले आणि बसने घरी गेली, कारण मन ठिकाणावर नसताना गाडी हातात घ्यायची नाही, असं ती शिकाऊंना शिकवायची. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आली. आईने तिच्याशी बोलणं टाळलं, तरी ती येत राहिली, डबा आणत राहिली.

खरी गोष्ट आम्हाला नर्सकडून कळली. बाबांचं ड्रेसिंग बदलताना ती सहज आईला म्हणाली, तुमच्या जाऊबाईंची नजर मोठी पक्की हो. पट्टी बाहेरून कोरडी होती, मशीनवरचे आकडेही ठीक होते. पण गळा एका बाजूने फुगतोय आणि श्वासाचा आवाज बदललाय, असं म्हणत त्या मला हाताला धरून घेऊन आल्या. थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. नर्स गेल्यावर आईने बाबांचं पांघरूण उगाचच दोन वेळा नीट केलं.

बाबांचा आवाज परत यायला बरेच महिने गेले. आधी नुसती फुसफुस, मग घोगरा. काकू आठवड्यातून दोनदा येऊन त्यांच्याकडून गावांची नावं म्हणवून घ्यायची, लहान नावांपासून लांबलचक नावांपर्यंत. आवाज पहिल्यासारखा झाला नाही, खालच्या पट्टीत अडकतो. पण ते कामावर परत गेले. घोषणा ऐकून जुने ड्रायव्हर हात करतात.

पुढे लोक काकूला खोदून विचारायचे, की मग मंगळाने आपला हिसका दाखवलाच ना, ऑपरेशन दोनदा करावं लागलं. ती म्हणायची, असेल. मला नक्की माहीत नाही. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर आपलंच खरं करून दाखवलं असतं. ती मात्र आता कुणाला थांबा म्हणायच्या आधी कशासाठी आणि किती, हे डॉक्टरांना विचारून या, असं सांगू लागली. काहींना ते आवडलं नाही. ते दुसरीकडे गेले.

आईने माफी अशी मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही. एका रविवारी सकाळी ती काकूकडे गेली आणि म्हणाली, ताई, मला गाडी शिकवा. पन्नाशीला आलेली माझी आई, सायकलसुद्धा धड न चालवलेली. काकूने फीचा आकडा सांगितला, आईने मान्य केला.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले होते. शाळेमागच्या रिकाम्या मैदानात गाडी चार वेळा बंद पडली. पाचव्यांदा ती हलली आणि आई सरळ समोर बघत म्हणाली, त्या दिवशी दवाखान्यात मी फार बोलले.

"बोलणारच. नवरा आत होता तुझा," काकू म्हणाली. "क्लच हळू सोड. आता आरशात बघ, आणि डावीकडे घे."

आईने आरशात बघितलं आणि गाडी डावीकडे घेतली. मला कंटाळा आला म्हणून मी उतरले. त्या दोघी दुपारी उशिरा परतल्या, हातात संत्र्यांची पिशवी होती, आणि कुठे गेला होतात असं आम्ही कुणी विचारलं नाही.