भट्टीचं झाकण

रंगीत काचेच्या तुकड्यांची ताटली विजेच्या भट्टीत वितळून एकजीव झाली, की बंद झाकणाखालीच हळूहळू निवावी लागते. एकदम वारा लागला की तडकते. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे, कारण मी घसा फोडून सांगितलंय.

तरी त्या संध्याकाळी नवऱ्यानं पाहुण्यांसमोर झाकण उचललं. "बघा, हिचा टाइमपास!" मी चहाचा ट्रे घेऊन दारातच होते. आत टक्क आवाज झाला आणि त्याच्याच बहिणीच्या वास्तुशांतीला द्यायची निळी ताटली मधोमध चिरली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पाहुणे गेल्यावर म्हणतो, "एवढं काय त्यात? काचच तर हाय. दुसरी कर."

हा माणूस वाळूजच्या कारखान्यात भट्टीवर सुपरवायझर आहे. तिथं कुणी वेळेआधी भट्टीच्या दाराला हात लावला, तर घरी येऊन जेवतानासुद्धा त्याला शिव्या घालत असतो.

"कंपनीतली भट्टी अशी उघडता का तुम्ही?" मी ओरडले.

"येडी का तू?" त्याला खरंच नवल वाटलं. "तिथं काम चालतं."