वाजणारं सिंक

सूरकाकांच्या घरात आवाजसुद्धा पाय पुसून आत यायचे. खुर्च्यांच्या पायांना जाड कापडाच्या टोप्या, दारांच्या कडांना लोकरीच्या पट्ट्या, आणि भिंतीवरचं घड्याळ असं शोधून आणलेलं, की वेळ दाखवेल पण तोंडातून अक्षर काढणार नाही. काका पियानोचे सूर लावायचे. दिवसभर परक्यांच्या दिवाणखान्यात एकेका तारेला कान लावून बसायचं, एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबायची, आणि घरातलं कुणी नुसतं खाकरलं तरी बोट वर करायचं, "शू. ऐकू द्या." पियानो ज्याचा, तोसुद्धा बिचारा चोरासारखा आपल्याच घरात चवड्यांवर चालायचा. घरी येईपर्यंत काकांच्या डोक्यात नुसता कल्ला झालेला असे. मग घरात शांतता नको? हवीच की! आणि ती राखायच्या काकू.

स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं तेव्हा काकूंच्या मनात स्टीलचं सिंक होतं. काका दचकलेच. "स्टील? अगं, प्रत्येक चमचा खणखणणार त्यात. माझ्या कानांचा जीव घेतेस का?" आणि ते स्वतः जाऊन कृत्रिम दगडाचं काळंभोर सिंक घेऊन आले. शिवाय त्याला खालून रबराची चटई चिकटवून घेतली, ती वेगळीच. बसवून झाल्यावर बोटाच्या पेराने टकटक करून पाहिलं. काही नाही. "बघ, कसं मुकं आहे!" असे खूश झाले, की बोलायची सोय नाही. काकू म्हणाल्या, "बरं."

बाईचं हे 'बरं' म्हणजे काय असतं, ते ऐकायला सूर लावणाऱ्याचे कान उपयोगी पडत नाहीत, एवढंच मी म्हणेन.

पण सिंक होतं गुणी. तापलेलं पातेलं थेट ठेवा, डाग नाही की चरा नाही. नळाभोवती तेवढी क्षारांची पांढरी रेघ धरायची. काकू ती जुन्या टूथब्रशने घासायच्या आणि फडक्याने कोरडं करायच्या. संध्याकाळी त्या भांडी विसळायला लागल्या, की काका तिथेच खुर्ची ओढून डोळे मिटून बसत. पाणी वाळूत पडावं तसं पडायचं. काकांना वाटे, आपण एखाद्या नदीच्या तळाशी बसलोय, वरून नावा चालल्यात, आणि त्यांतल्या एका नावेत आपलीच बायको हलक्या हाताने काहीतरी धुतेय. असं बसल्या बसल्या ते कुठल्या कुठे जाऊन येत. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख ते.

मग काकूंची नजर विरायला लागली. आधी कडांनी, मग मधून. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. काकू घरी येऊन पुन्हा कामाला लागल्या. घर त्यांना तळहातासारखं पाठ होतं. डबे, बरण्या, गॅसची बटणं, कुठेच अडत नव्हतं. अडलं ते सिंकशी. काळ्या सिंकमध्ये काचेचा पेला आहे की नाही, कळेना. पाणी कुठवर आलंय, समजेना. एकदा भांडं भरून उकळतं पाणी ओतताना हात भाजला, एकदा फुटलेल्या पेल्यावर बोट कापलं.

लेक धावत आली. आईच्या बोटावरची पट्टी बघताच तिने ठरवून टाकलं. "आई, पुरे झालं. सोमवारपासून कामाला बाई येईल. तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस." तिचंही काही चुकत नव्हतं. पण काकू बाहेरच्या खोलीत मांडीवर हात ठेवून बसल्या, तशा त्या कधी बसल्याच नव्हत्या. "चहासुद्धा मागून प्यायचा का मी आता?" एवढंच म्हणाल्या, आणि रडल्या.

दुसऱ्या दिवशी काका कामावरून लवकर परतले. बघतात तर काकू सिंकवर वाकलेल्या. हातात चमचा. सिंकच्या भिंतीवर हळूच टकटक करायच्या, मान कलती करायच्या, कान लावायच्या. अगदी काका तारेला लावतात तसाच.

"काय करतेयस?"

काकू ओशाळल्या. "काही नाही हो. किती भरलंस, म्हणून विचारत होते त्याला. बोलतच नाही मेलं."

काकांना एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिला बोलणारं हवं होतं, आणि आपण मिरवत मुकं घेऊन आलो.

पाठोपाठ ते दुकानात हजर. एकेका सिंकवर पेर आपटत, कान लावत निघाले. दुकानदार मागे मागे. "काका, हे बघा, जाड पत्रा, खाली पॅड. आवाज म्हणून नाही!"

"मला आवाजच हवाय."

"अहो, लोक आवाज होतो म्हणून माझ्याशी भांडायला येतात!"

"येऊ देत. ते पातळ काढा. आणि खालचं पॅडही सोलून द्या."

दुकानदाराने कपाळाला हात लावला, पण दिलं सोलून.

रविवारी लेक आली तेव्हा नवं सिंक बसलं होतं. ती दारातच थबकली. "बाबा, काय हा दणदणाट! वेडबिड लागलंय का?"

"बस तू. आई चहा करतेय."

काकूंनी पातेलं सिंकच्या पत्र्यावर नळाखाली ठेवलं. पाण्याचा सूर आधी ढाला, जाडसर होता, मग चढत चढत बारीक झाला, आणि काठाखाली बोटभर राहिलं तेव्हा काकूंनी नळ बंद केला. थेंब सांडला नाही. चहा झाला, पिऊन झाला. पेले सिंकमध्ये ठेवले, ते किणकिणले, आणि जिथे किणकिणले तिथेच काकूंचा हात नेमका गेला. लेक बघत राहिली. मग बाहेर जाऊन तिने त्या बाईला फोन केला, "सोमवारी नका येऊ."

काकांचा जीव भांड्यात पडला. आनंदाने त्यांना कंठच फुटला. लेक आत येताच दुकानदार काय म्हणाला, आपण काय म्हणालो, टेबलावर चमचा आपटून आपटून सांगायला लागले.

सिंकपाशी काकूंनी ओलं बोट वर केलं.

"शू. ऐकू द्या."

काका चमचा हवेत धरून गप्प झाले. डोळे भरून आले होते, पण त्यांनी नाकसुद्धा ओढलं नाही.