लडाखच्या दगडातले परके दाणे

मसोलीच्या बकुळाताईंना झुरळाची किळस नव्हती, की सुकटीच्या वासाची. चक्कीवाल्याने गव्हाच्या दळणावरच उपवासाची वरी घातली की मात्र त्या ते पीठ घरी आणत नसत. "देवाला फसवायचं, आणि वर हात जोडायचे!"

पंधरा वर्षं चिकूची प्रतवारी केलेली बाई. तीच नजर घेऊन त्या डहाणू रोडला जतीनच्या छोट्या प्रयोगशाळेत लागल्या. विद्यापीठांतली माणसं दगड पाठवत. जतीन ते यंत्रात भरडे, आणि ताई सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या सुईने गार्नेट या खनिजाचे लालसर दाणे एकेक वेचत. पुढे मोठ्या प्रयोगशाळेत त्या दाण्यांवरून दगडाचं वय काढत.

पीएचडी करणाऱ्या रियाने लडाखचा दगड दिला, तेव्हा तिनेच समजावलं होतं. "मावशी, आपल्या हिंदुस्थानच्या भूखंडाचा काठ आशियाच्या खाली शंभर किलोमीटर खोल गेला. तिथल्या दाबात हे दाणे तयार झाले, मग दगड परत वर आला. दाण्यांचं वय कळलं की काठ कधी बुडाला ते कळतं."

ताईंनी दगडाला नमस्कार केला होता. एवढा प्रवास करून आलेला पाहुणाच तो.

आणि आज त्या पाहुण्याच्या ताटात उष्टं! नारिंगी दाण्यांत मधूनच जांभळट दाणे. ताईंनी ओळखलं. काल भरडलेला ओडिशाचा दगड, अब्जभर वर्षांचा, लडाखच्या दाण्यांहून कितीतरी जुना.

"जतीन, दोन दगडांच्या मधे पांढरी गारगोटी भरडून यंत्र पुसलं होतंस का?"

"घाई होती हो. जांभळे काढून टाका ना."

"मोठे काढेन. बारक्यांचा रंगच दिसत नाही. कुणाचे कोण, कसं सांगू?"

"दोन-चार दाण्यांनी काय आभाळ कोसळतं? तुम्ही काय शास्त्रज्ञ झालात?"

"शास्त्रज्ञ नाही रे. पण उष्टं ओळखते."

दुपारी रिया वेचलेल्या दाण्यांची कुपी न्यायला आली. जतीन गोड हसला. ताईंनी त्याच्यादेखत तिला सगळं सांगितलं. पोरगी पांढरी पडली. मग हळूच म्हणाली, "मावशी, चालेल तेवढं. शुक्रवारी सरांना द्यायचंय."

ताईंनी सुई खाली ठेवली. जतीन तर होताच तसा, पण ही? हिने तर बर्फात तंबू ठोकून दगड आणलेला!

"चालेल? उद्या तू लिहिणार काठ अमक्या काळी बुडाला, आणि पोरं ते पाठ करणार. शी!"

कुपीसोबत वेचणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी जाते. ताईंनी लिहिलं, "दोन दगडांची सरमिसळ आहे. वय काढू नये." खाली ठसठशीत सही केली. जतीनने चिठ्ठी फाडली. ताईंनी दुसरी लिहिली.

"धंदा बुडवणार तुम्ही माझा!"

"बुडू दे. घाणच विकतोयस."

तिसरी लिहायला त्यांनी कागद ओढला, तोच रियाने दुसरी उचलून पिशवीत घातली. कुपी टेबलावरच राहिली.

"अर्धा दगड हॉस्टेलवर आहे, मावशी," ती खाली बघत म्हणाली. "तुम्ही भरडाल?"

"भरडेन. पण यंत्र पुसताना तू शेजारी उभं राहायचं. माझ्यावरसुद्धा विश्वास टाकायचा नाही."

"आणि शुक्रवार?"

"सरांना खरं सांग. ओरडतील. ओरडू देत."

रियाने तिथेच उभ्या उभ्या सरांना फोन लावला.