दहा मिनिटं पुढचं घड्याळ

आमच्या घरातलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. बुटीबोरीच्या मिलची बस प्रताप नगरच्या चौकात कोणासाठी थांबत नाही, म्हणून ही रीत वडिलांनी लावली. मीही त्याच मिलमध्ये लागलो आणि ती मोडली नाही. मुलीनं स्मार्टवॉच घेऊन दिलं, तर ते वेळ फोनवरून घेतं, पुढे करताच येईना. मग तिनंच कोण्या हौशी माणसानं बनवलेला वॉच फेस, म्हणजे पडद्यावरची तबकडी, त्यात टाकला. मोठे मराठी आकडे, आणि वेळ दहा मिनिटं पुढे.

एका सकाळी अपडेट आलं, फेस गायब झाला, दिसली ती वेळ मी सवयीनं दहा मिनिटं पुढचीच समजलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी बस चुकली.

सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "काका, बाहेरचे फेस कंपनीनं बंद केले. तो तर वेळही चुकीची दाखवून राहिला होता."

"चुकीची नाही गा, ती आमच्या घरची वेळ आहे. हात माहा, घड्याळ माहं, अन् त्याच्यावर काय दिसावं हे कंपनी काहून ठरवून राहिली?"

त्यानं घड्याळ पुसून माझ्या हातात परत दिलं.

आता मनगटावर वडिलांचं चावीचं घड्याळ आहे, दहा मिनिटं पुढे लावलेलं. स्मार्टवॉच खिशात असतं. पावलं त्यानं खुशाल मोजावीत. माझ्या घरातलं घड्याळ मात्र मीच लावणार.