डोंगा सोडायचा नाही

विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला नदी कळत नाही. हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं, पण नव्या सुनेचं ऐकतो कोण?

माझं माहेर वर्धा नदीच्या अगदी काठाला. वडिलांचा स्वतःचा डोंगा होता. एका खोडातून कोरून काढलेली अरुंद होडी, तळ गोल, जरा कोणी वेडंवाकडं बसलं की कलंडणारी. उन्हाळ्यात वडील आम्हा भावंडांना डोहात न्यायचे आणि मुद्दाम डोंगा पालथा करायचे. आम्ही पाणी पिऊन ठसकायचो, ते हसायचे. मग म्हणायचे, "डोंगा सोडाचा नाई. लाकूड बुडत नाई, मानूस बुडते." पालथा डोंगा सुलटा कसा करायचा, आतलं पाणी कसं काढायचं, पुन्हा कुठून चढायचं, हे आम्ही खेळता खेळता शिकलो.

सासर त्याच नदीपासून थोडं आत. भाजी-फुलांचा मळा आणि गावभर विहिरी. माझा नवरा गावातला पट्टीचा पोहणारा. विहिरीच्या वरच्या काठावरून तो सूर मारायचा तेव्हा बाया पाणी भरायच्या थांबायच्या. त्याचा त्याला तोरा होता, आणि खोटं कशाला बोलू, मलाही होता.

तेव्हा नदीच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे सी.पी., म्हणजे मध्य प्रांत; सरकार मात्र एकच, नागपूरचं. पण पलीकडचा आठवडी बाजार मोठा, म्हणून आम्ही माल डोंग्यातून पलीकडे न्यायचो. सासूबाई मात्र नदीवर कधी येत नसत. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच त्या नदीत गेले होते, एवढंच मला ठाऊक होतं. कसे गेले ते घरात कोणी काढत नसे. सासूबाई कडक. डोक्यावरचा पदर ढळलेला त्यांना चालत नसे. आणि नवऱ्याचं नाव तोंडातून निघणं तर महापाप. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मी त्याला "अवो" म्हणायची. साऱ्याच बाया आपापल्या नवऱ्याला "अवो" म्हणायच्या.

दसऱ्याच्या आधीचा बाजार होता. डोंग्यात झेंडूची टोपली, वांगी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. पाऊस सरला होता, पण नदी अजून दोन्ही काठ भरून चालली होती. ऐन मध्यावर वारा सुटला आणि वरचं टोपलं घसरलं. नवरा ते धरायला उभा राहिला.

"अवो, उभे नोका राहू," मी म्हटलं.

"तू मले पान्याचं सांगून राह्यली काय?" तो हसून म्हणाला, आणि डोंगा पालथा झाला.

मी वर आले तेव्हा सगळीकडे झेंडूच झेंडू. डोंग्याचा पालथा तळ हाताशी लागला, तो मी धरला. नवरा थोडा पलीकडे वर आला, केस झटकले आणि म्हणाला, "चाल, काठ हा काय, इथंच हाय!" आणि निघाला की सपासप हात मारत.

विहिरीतल्या माणसाची चूक ती हीच. विहिरीत पडलं की पहिल्यांदा कड शोधायची, आणि कड चार हातांवर असतेच. विहिरीचं पाणी कुठं जात नाही. नदीत मात्र तुम्ही काठाकडे जाता आणि पाणी तुम्हाला खाली नेतं. तो हात मारत होता तो काठाच्या दिशेनं, पण वाहत चालला होता खालच्या डोहाकडे. माझ्या अंगावर नऊवारी लुगडं, भिजून पायांना गुंडाळलेलं. मला त्याच्यामागे जाणं शक्य नव्हतं, आणि मी जाणारही नव्हते.

"अवो! अवो, परत या!" मी ओरडले. त्यानं मागं पाहिलं नाही. घाटावर बाजाराची गर्दी, तिथून बाया आपापल्या माणसांना हाका मारत होत्या, त्यात माझी एक. मी पुन्हा ओरडले. त्याचे हात आता मघासारखे पडत नव्हते. एक हात उचलायला त्याला वेळ लागत होता. मला भीती वाटली ती तेव्हा. आणि राग आला, त्याचा, त्याच्या त्या विहिरीचा, साऱ्या गावाचा.

मी त्याचं नाव घेतलं. होतं नव्हतं ते बळ काढून, पुरं नाव, त्याच्या बापाच्या नावासकट. ते नाव मी इथंही लिहीत नाही.

तो जागीच थबकला. वळला. मी एक हात वर करून डोंगा दाखवला आणि पुन्हा नाव घेतलं. मग तो माझ्याकडे यायला लागला, आणि डोंगा आणि तो एकाच पाण्यात वाहत असल्यानं अंतर लवकर तुटलं. आला तेव्हा तोंड पांढरं पडलेलं. बोलायला दम नव्हता. मी म्हटलं, "बोलू नोका. धरून राहा."

त्याला धाप आवरू दिली. मग एका टोकाला तो, दुसऱ्याला मी. बुडाखालून कड धरली, दोघांनी एकदमच पिळली, तेव्हा डोंगा उलटला आणि काठोकाठ भरून सुलटा झाला. त्याला वाटलं, आता हे बुडणार. "लाकूड हाय, नाई बुडत," मी म्हटलं. डाळ धुताना परात हिसडून पाणी काढतो तसा आम्ही डोंगा हिसडत राहिलो. थोडा हलका झाल्यावर तो बाजूनं चढायला गेला, तर मी त्याला रागावले. टोकाकडून, पोटावर सरपटत चढायचं. दुसऱ्यानं पलीकडचं टोक दाबून धरायचं. आधी मी चढले, मग त्याला घेतलं. वल्हं गेलं होतं. हातांनीच पाणी मारत खालच्या काठाला लागलो. माल सगळा गेला.

घरी जायच्या वाटेवर तो एकच वाक्य बोलला. "तू नाव घेतलं माह्यं."

"घेतलं," मी म्हटलं. नदीत वाटली नव्हती इतकी भीती मला आता वाटत होती. घाटावरच्या अर्ध्या बायांनी ते ऐकलं होतं. आमच्या आधी ते घरी पोचलेलं असणार.

पोचलेलंच होतं. सासूबाई दारात उभ्या होत्या. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, मला कोरडं लुगडं दिलं, चुलीपाशी बसवलं. भाकर टाकता टाकता, माझ्याकडे न पाहता विचारलं, "नाव घेतलं मनते तू."

"हौ."

"मोठ्यानं?"

"हौ."

मी मान खाली घालून बसले. त्यांनी तव्यावरची भाकर उलटली.

"मी नाई घेतलं," त्या म्हणाल्या. "मी काठावर होती. वरून पूर येताना दिसून राह्यला होता. हे बैलबंडी घेऊन पान्यात उतरले होते. मी नुसती अवो, अवो करत राह्यली. बजाराचा दिवस होता. त्यायले वाटलं असन, दुसऱ्याच कोनाची बाई हाक मारून राह्यली."

मग त्यांनी ती भाकर माझ्या ताटात वाढली.