गणपतीचे डोळे

आमच्या बेटावरच्या प्लेझांसच्या विमानतळावर आई रडत होती, बाबा बॅगेची दोरी पुन्हा पुन्हा आवळत होते आणि मी फुगून बसले होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पोर इंग्लंडला नर्सिंग शिकायला निघालेली, आमचं अर्धं नुव्हेल फ्रांस गाव निरोपाला आलेलं, आणि मला राग कसला? तर गणपतीचे डोळे रंगवायचे राहिले म्हणून!

आमचे धोंडूगुरुजी आठवडाभर दुकानांच्या पाट्या नि बसवरची नावं रंगवायचे आणि शनिवारी देवळामागच्या खोलीत आम्हाला चित्रकला शिकवायचे. गावातल्या घरोघरच्या मूर्ती तिथंच रंगायच्या. नव्या पोराला उंदीर. तो जमला की पुढल्या साली पावलं, मग हात, मग सोंड. डोळे मात्र गुरुजींचे. मी सोंडेपर्यंत पोचले होते. चतुर्थीला दोन आठवडे उरलेले. म्हटलं, "गुरुजी, एकाच मूर्तीचे द्या ना!"

"सोंड झाली की वर्षभर थांबायचं. लाबा जा, शीक, परत ये. मग बघू."

लाबा म्हणजे तिकडे. आमच्या क्रेओलमध्ये लंडनही लाबा आणि पलीकडचं उसाचं शेतही लाबाच.

लंडनमध्ये मी सुखात होते, खोटं कशाला बोलू? सुट्टीत चित्रं काढायची. मेट्रन म्हणायची "लव्हली", मैत्रिणी म्हणायच्या "लव्हली", पुढे नवराही तेच. माणसं चांगली हो, पण ऐकून ऐकून कान किटले.

ऐंशी सालानंतर एकदा चतुर्थीला घरी गेले. गुरुजींचा हात थरथरायला लागला होता. मला बघून म्हणाले, "आलीस? बस. डोळे राहिलेत." ना चहा, ना ख्यालीखुशाली! बसले आणि दोन्ही डोळे घातले. जमलेल्या बाया म्हणाल्या, "आयो, काय सुंदर!"

गुरुजी वाकून बघत राहिले. "डावा वर चढलाय. पूस."

सगळ्यांसमोर! दोन पोरांची आई मी, वॉर्डाची सिस्टर, मुकाट्यानं फडकं घेऊन पुसायला बसले. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला ते नुसतं "हं" म्हणाले आणि पुढची मूर्ती माझ्याकडे सरकवली.

गुरुजी आता नाहीत. इथं लंडनला आपल्या लोकांची पोरं रविवारी माझ्याकडे शिकायला येतात. पहिले काही महिने मीही त्यांना "लव्हली, लव्हली" करत होते. मग एकदा एकीची रेघ वाकडी गेली आणि तोंडातून निघूनच गेलं, "पूस ते." पोरीनं गाल फुगवले, पण पुसलं. त्या दिवसापासून मला इथंही घरी असल्यासारखं वाटतं. लव्हली म्हणायला ती पोरं काय परकी आहेत?