फोरमनसाहेबाच्या दोन वाक्यांचा अर्थ

मॅट्रिक होऊन खालापूरच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा माझ्याकडे एक वही होती. कर्जत स्टेशनातले गोरे लोक सहज तोंडातून जे टाकत, ते मी त्या वहीत उतरवून घेई. ‘बाय जोव्ह’ म्हणजे अबब. ‘राइट-ओ’ म्हणजे बरंय, चला. ‘डॅम इट’चा अर्थ वहीत लिहिला नव्हता, पण चारचौघांत आवाज खाली करून सांगत मात्र असे. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस बघायचा तर तेव्हा मला बघावं.

वडील कर्जत यार्डात होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिन जोडायचं त्यांचं काम. त्यात उजव्या हाताची तीन बोटं चेचली आणि ते घरी बसले. त्यांना आता एकच हवं होतं, रेल्वेच्या फाटकावरची राखण. तेवढं डाव्या हातानंही जमेल म्हणत.

स्वातंत्र्याच्या वर्षी दिवाळीनंतर यार्डाचा गोरा फोरमन विलायतेला निघाला. वडील नव्या तांदळाची थैली घेऊन त्याच्या बंगल्यावर गेले, दुभाषी म्हणून मला नेलं. मी पाठ केलेली विनंती म्हटली. साहेबानं थैली घेतली, वडिलांचा खांदा थोपटला आणि म्हणाला, “डोंट यू वरी, ओल्ड बॉय. समथिंग विल टर्न अप.”

बाहेर पडल्यावर वडिलांनी विचारलं, “काय बोलला रं?”

“काळजी करू नका म्हणाला. काहीतरी होईल म्हणाला.”

शब्दकोशाप्रमाणे सगळं बरोबर होतं. आपल्यातल्या कुणी ‘बघू, होईल काहीतरी’ म्हटलं असतं तर वडील काय ते समजले असते, वाटेत दोन शिव्या देऊन मोकळे झाले असते. पण हे इंग्रजीत होतं. शिवाय ज्यानं आपले नवे तांदूळ हातात घेतले तो शब्द फिरवत नाही, असं आमच्याकडे मानतात.

आठच दिवसांत पोशीरकडच्या एका भातगिरणीतून निरोप आला, राखणीला माणूस हवा आहे. वडील म्हणाले, “साहेबानं शब्द दिलाय. आता दुसरीकडं कसा जाऊ?” ती जागा दुसऱ्याला गेली.

मी शनिवारी घरी आलो की वडील विचारत, “साहेबाचं काय आलं का रं?”

पुढच्या वर्षी आमच्या शाळेत तपासणीला एक अधिकारी आले. आपलेच, पण बोलणं सगळं साहेबी. एका म्हाताऱ्या मास्तरांना त्यांनी कामावरून कमी केलं आणि टोपी घालता घालता, त्यांच्याकडे न बघता, तेच ‘समथिंग विल टर्न अप’ म्हणाले. तेव्हा मला कळलं. द्यायला काही नसलं आणि निघायची घाई असली की हे म्हणतात. माझी मलाच किळस आली.

तरी घरी सांगायला मला आणखी वर्ष लागलं. सांगितलं तेव्हा वडील रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“म्हंजे तुला तवा ठावं नवतं?”

“नव्हतं.”

“मग नाय ठावं असं का नाय बोललास? मी गिरणीवर गेलो असतो.”

त्यानंतर रेल्वेचा एखादा कागद आला, तर तो वाचून घ्यायला ते स्टेशनात बुकिंगबाबूकडे जात. मी घरात असलो तरी.